अस्वलाक धीर दी रे म्हाराजा

देवगडचा दयानंद मस्कतमध्ये एसी दुरुस्त करतो, पण तिथल्या अल हैल भागातली मालवणी मंडळी त्याला ओळखतात गाऱ्हाण्यासाठी. गणपतीपुढे तो खड्या आवाजात एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागणं मागतो.

यंदा दर्शनाला त्याचा जर्मन साहेब आला, बेर्नहार्ड. दयानंदला लेकीच्या लग्नाला रजा हवी होती आणि साहेब महिनाभर नुसतं 'इन्शाल्ला, इन्शाल्ला' करत होता. नव्या पाहुण्याची देवाला ओळख करून द्यावी लागते, म्हणून दयानंदने त्याला आधीच नावाचा अर्थ विचारून ठेवला होता.

"बा देवा म्हाराजा! ह्यो बेर्नहार्ड सायब. बेर्न म्हणजे अस्वल, हार्ड म्हणजे धीट. अस्वलासारखो धीट गडी, पण माका पंधरा दिवस रजा देवची म्हटली की तेचे पाय लटपटतत! तेका धीर दी रे म्हाराजा!"

"व्हऽऽय म्हाराजा!" मंडळी एका सुरात गरजली.

साहेबाला कुठली मालवणी कळायला, या भरवशावर गडी सुटला होता. मग त्याला दिसलं, शेजारची ज्ञानदा साहेबाच्या कानात सगळं इंग्रजीत सांगतेय. साहेब लालबुंद!

"काय सांगितलंस गो?"

"काका, ते... बेअर घाबरतो, असं."

लग्नही गेलं, नोकरीही गेली! दयानंदने डोळे मिटले.

एवढ्यात साहेबाने दोन्ही पंजे उगारले आणि अस्वलासारखा गुरगुरला. "फाय म्हाराया! बेअर नॉट अफ्रेड! ट्वेंटी डेज लीव्ह, खलास!"

सगळी खोली हसून लोळली. दयानंद मात्र गणपतीकडे बघत पुटपुटला, "म्हाराजा, रजा महिनोभराची मागूक होयी होती."