वाचणारा आणि अर्थ सांगणारा

श्रावणात आमच्या देवळात पोथी लागते. एकानं ओवी वाचून थांबायचं, दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा, मग पुढची ओवी. मेढ्याकडच्या आमच्या डोंगरातल्या गावात ही रीत माझ्या बापाच्याही आधीची. वाचणारा मी. शाळा दुसरीपर्यंत, तीही गुरं राखून उरेल तेवढी. अक्षरं शिकलो ती बापाच्या मांडीवर, पोथीतच. अर्थ सांगणारा माझा दोस्त. पलटणीत नोकरी करून आलेला, रोज पेपर वाचणारा. दोघांचे केस पिकले तरी जोडी मोडली नाही. लोक माझ्या आवाजासाठी येतात असं मी धरून चाललो होतो. अजूनही थोडं धरतोच.

गेल्या श्रावणात पोथी उठल्यावर पारावर मी बोलून गेलो, "अर्थ सांगायला काय लागतंय रं? खरं काम वाचणाऱ्याचं."

तो हसला. "गड्या, तू वाचत न्हाईस, गातोस. पोथीभायेरचं एक पान वाचून दाव."

लोक खिदळले. मला लागलं. मग त्यानंच पैज घातली. वर्षभर दर महिन्याला एक पुस्तक, प्रत्येक वेगळ्या तऱ्हेचं. वाचायचं आणि त्याला अर्थ सांगायचा. जमलं तर पुढल्या श्रावणात अर्थही मीच सांगायचा.

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर मरस्तवर माझ्या शेजारी गप बसून वाचायचं."

गावच्या वाचनालयातून पहिलं पुस्तक आणलं ते खुनाच्या गोष्टीचं. मला मनात वाचता येत नाही. ओटीवर बसून मोठ्यानं सुरू केलं. आतून घरची म्हणाली, "आवं, त्यात मुडदा पडलाय न्हवं? मग आरती केल्यावानी काय म्हणताय?"

तेव्हा ध्यानात आलं. चालीशिवाय मला वाचताच येत नव्हतं. आणि दर ओळीनंतर मी थांबत होतो, कुणीतरी अर्थ सांगेल म्हणून. कोण सांगणार? पान संपलं तरी मेलं कोण ते मला कळलं नव्हतं. इतकी वर्षं आपण देवळात नक्की काय केलं, हा प्रश्न पोटात शिरला तो काही निघेना.

पण सोडलं नाही. एकेक पान आधी चालीत वाचायचं, मग चाल मोडून, मग पुन्हा. सापांवरचं वाचलं, बर्फाच्या देशातलं प्रवासाचं वाचलं. दोस्ताला पारावर जाऊन अर्थ सांगायचो. तो म्हणायचा, "ह्ये तर पुस्तकात लिवलंय तेच झालं. तुला काय वाटलं ते सांग की." मला काही वाटलेलं नसायचं. मी चिडून उठायचो.

थंडीत त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्याची लेक सांगलीजवळ माधवनगरला दिलेली, ती त्याला घेऊन गेली. गावात लोक म्हणाले, सुटलास बाबा पैजेतून. मी म्हणालो, पैज घालणारा पडला म्हणून पैज पडत न्हाई.

मग दर महिन्याला पिशवीत पुस्तक घालून निघायचो. मेढ्याहून सातारा, साताऱ्याहून सांगली. म्हाताऱ्याला एस.टी. फुकट. तो खाटेवर, मी खुर्चीत. मी सांगायचो आणि तो डोळे लावून ऐकायचा. पटलं तर डावा हात उचलायचा, नाही पटलं तर मान हलवायचा. बहुतेक मानच हलायची. तोंड उघडून काहीतरी म्हणू बघायचा, नुसता घोगरा आवाज निघायचा. लेक म्हणायची, "आण्णा, दमू नका. काका, तुमीबी दुसरं काय बोला की जरा." दुसरं काय बोलणार?

उन्हाळ्यात एका बाईनं लिहिलेली तिची स्वतःची कहाणी हाती आली. नवऱ्यानं तिला न विचारता गाव सोडलं, तिनं वाढवलेली गाय कुणाला तरी देऊन टाकली. वाचता वाचता आतला भाकरी थापायचा आवाज थांबला. मीही थांबलो.

"पुढं वाचा की," घरची म्हणाली.

"डोळं दुखत्यात."

खरं म्हणजे डोळे दुखत नव्हते. उरलेलं मी रानात जाऊन वाचलं.

आषाढ संपता संपता शेवटचा गेलो. या वेळी पुस्तकाबरोबर पोथीही नेली. राजा दारी आलेल्याला सारं राज्य देऊन टाकतो आणि राणी मुकाट मागं चालू लागते, ती ओवी काढली. दोस्त दरसाली तिथं दानाचा मोठेपणा असा सांगायचा की म्हातारे डोळे पुसायचे. मी ओवी वाचली, सवयीनं थांबलो. त्याचे ओठ हलले. काही आलं नाही.

मग मीच म्हणालो, "मला वाटतं, राजानं राणीला इचाराय पायजे हुतं. राज्य तिचंबी हुतं."

त्यानं मान हलवली. नाही.

"का न्हाई?"

पुन्हा नाही. डावी मूठ खाटेवर आपटली. तोंड वाकडं झालं, लाळ गळली, लेक धावत आली. वर्षभरात मला पहिल्यांदाच काही वाटलं होतं, आणि भांडायला माणूस समोर असून भांडण होईना. त्याच्याजवळ उत्तर होतं. ते आत अडकलं होतं. मी त्याची लाळ पुसली, पोथी बांधली आणि उठलो. त्यानं डाव्या हातानं माझं धोतर धरून ठेवलं होतं. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

श्रावण लागला. त्याच्या जागी चटई टाकली होती, तिच्यावर कुणी बसलं नाही. अर्थ मीच सांगत गेलो, त्याचेच शब्द, त्याच्याच सुरात. तेही मला पाठ झाले होते, ओव्यांसारखे. चौथ्या दिवशी ती ओवी आली. वाचली. दानाचा मोठेपणा सांगितला. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मग म्हणालो, "पन मला येगळं वाटतं."

पुढं बसलेला एक जण म्हणाला, "आवं, वाचणाऱ्यानं वाचावं."

दोस्तही हेच म्हणाला असता. खाटेवर ती मान हलताना मला दिसत होती. बायकांच्या बाजूला घरची बसली होती, तिनं मान वर केली.

"राणीला कुणी इचारलं न्हाई," मी बोललो. आवाजाला चाल नव्हती.