काय हाय?
नव्या प्लॅस्टिकचा वास आला की मला अजून तो दिवस आठवतो. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी एक विक्रेता टीव्हीला जोडायचा, लहान मुलांना इंग्रजी शिकवणारा गेम घेऊन आला, तेव्हा खोक्यातून हाच वास सुटला होता. पडद्यावरचं अस्वल हात हलवून म्हणालं, "हाय!" माझ्या चार वर्षांच्या बहिणीनं टीव्हीला नाक लावून कौतुकानं विचारलं, "काय हाय?" विक्रेता खदाखदा हसला. "बघा पावणं, ह्ये न्हाय घेतलं तर पोरगी अशीच गावठी ऱ्हाणार की!" स्वतः काय बोलतोय हे त्या निर्लज्जाच्या कानांना ऐकूही गेलं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, तेही त्याच्यासोबत हसले आणि त्यांनी गेम घेतला. त्या हसण्याची मला शिसारी आली. जेवायच्या वेळी बहीण चाचरत आईला म्हणाली, "भूक लागली... आहे." आज ती फोन उचलून फक्त 'हॅलो' म्हणते. 'हाय' तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही. अस्वलाचं इंग्रजी 'हाय'ही नाही, आमच्या बोलीतलं 'हाय'ही नाही.