धोतराचा पडदा

ही फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर आमची ही तिखटमीठ लावून सांगेल!

मला एक खूळ आहे. सिनेमा नुकताच बोलायला लागला होता ना, त्या काळातले पडापडीचे विलायती विनोदी चित्रपट. नटांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, चित्र खरखरतं, पण आवाज नवा हाती आलेला! पिपाणी मिळालेल्या पोरासारखे सगळे वाजवत सुटलेले. बादली पडली तरी तोफ उडते. मी हसून लोळतो. एकटाच! एकट्यानं किती हसणार, सांगा?

माकणीचे माझे सासरे जुने गवंडी. लग्नाला चार वर्षं झाली, मामा माझ्यासमोर एकदाही हसले नव्हते. अधिक महिन्यात पुरणाचे धोंडे खायला बोलावलं, तेव्हा ठरवलं, यंदा मामांना हसवायचंच!

पोचल्यापासून मला चैन नाही. सासूबाई म्हणतात, "टेका की जरा!" मी कुठला टेकतोय? शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर काढला, भर दुपारी दारं-खिडक्या लावल्या आणि मामांचं धुवट धोतर खुंट्यांना बांधून पडदा केला.

मामांच्या कपाळाला आठी. पण धोंड्याला आलेल्या जावयाला बोलणार कोण?

सिनेमा सुरू. शिडीवरचा रंगारी, पाय बादलीत, धडाम! मी पोट धरून हसतोय, घर चिडीचूप.

"शिडी चुकीची लावलीया," मामा म्हणाले. "आन चुना लई पातळ झालाय."

"मामा, गंमत बघा ना!"

"गंमत कसली? माणूस पडला की वो! उचलायला कुणीच कसं न्हाय?"

आता मला राहवेना. उठलो. "हे बघा, तो असा मागं सरकतो..."

मागं सासूबाईंनी माझेच पाय धुवायला पाण्यानं भरलेली परात ठेवली होती. जावयाचा मान! पाय परातीत, परात सरकली, मी धोतराला धरलं, धोतर सुटलं आणि त्यात गुंडाळलेला मी थेट धोंड्यांच्या ताटात बसलो. तेहतीसच्या तेहतीस धोंड्यांचा चेंदामेंदा!

मग धोतरात अडकलेल्या मला बाहेरून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं, पार ठसका लागेपर्यंत. मामा! डोळे पुसत म्हणाले, "आता कळलं, यात काय असतंय! पण जावईबापू, त्या गोऱ्यापरीस तुमीच ब्येस पडताव!"

जिंकलो की हो! पण अजून निस्तरतोय. अधिक महिना तीन वर्षांनी येतो, मामांचा फोन मात्र दर रविवारी.

"पाव्हणे आलेत, जावईबापू. येताव का जरा पडायला? परात भरून ठिवलीया."