परकी परात

काकांनी घराण्याची वंशावळ मोठ्या हौसेने तयार करून फणसवाडीतल्या घरी भिंतीवर लावली. पाच पिढ्यांत एकही बाई नाही. पुरुष जणू झाडालाच लागले होते. मला राग आला आणि मी घरातल्या बायकांची नावं गोळा करायला निघाले.

माटुंग्याला आजोबांची चुलत बहीण असते. तिच्याशी बोलता बोलता आमच्या परक्या परातीचा विषय निघाला. वाडीतल्या लग्नकार्यात सगळ्यांची भांडी एकत्र व्हायची, म्हणून जो तो भांड्यावर नाव घालून घ्यायचा. आमच्या पितळी परातीवर मात्र कुणा अनोळखी बाईचं नाव होतं. ती चुकून आपल्याकडे आलीय, असंच आई समजत होती. दुसऱ्याची वस्तू म्हणून आईने तिच्यात कधी कणीक भिजवली नाही. दर दिवाळीला घासून ठेवायची आणि मालकिणीची चौकशी करायची.

मी ते नाव सांगताच ही चुलत आजी हसत सुटली.

"अगं, ही आपली आक्का. तुझ्या आजोबांची थोरली बहीण. खानावळ चालवून तिनेच त्याला शिकवलं. सगळे आक्काच म्हणायचे, खरं नाव कोण लक्षात ठेवतंय?"

घरी येऊन मी हे सांगितलं. आईने परात खाली काढली आणि तिच्यात पीठ घेतलं.

"आता झाडावर जागा कुठाय?" काका म्हणाले.

"मग नवीन काढा, भावजी," आई कणीक मळत म्हणाली. "पोळ्या त्यानंतर."