मिश्रीची दाढ

तव्यावर तंबाखू भाजायला लागली की आमची निपाणीतली अख्खी गल्ली खोकायची. काळी होईपर्यंत ती भाजायची, कुटायची आणि त्या भुकटीनं दात घासायचे, ही मिश्री. विड्या वळणाऱ्या बायका सकाळी घासत, दुपारी घासत आणि गटारावर उकिडव्या बसून काळं थुंकत. माझी आईही त्यातलीच. तिच्या तोंडाचा तो वास मला मुळीच सहन व्हायचा नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सात वर्षांची होते आणि माझी खालची डावी दाढ किडली होती. भोक एवढं खोल की भाकरीचा तुकडा अडकून तिथंच आंबायचा. जीभ घातली की काहीतरी मऊ, घाण लागायचं. लवंग झाली, कापूर झाला. रुईच्या चिकानं तर दाढ राहिली बाजूला, गालच भाजला. शेवटी शेजारची आक्का म्हणाली, "दुधाचा दात हाय, पडणारच हाय. चिमूटभर मिश्री दाब गं भोकात."

आईनं दाबली. डोकं गरगरलं, मी भडाभडा ओकले. पण ठणका थांबला. मग रोज सकाळी शाळेआधी आई बोटानं ते काळं माझ्या दाढेत भरायची. महिन्याभरात ओकारी बंद झाली. कुणाला सांगायची लाज वाटते, पण मी त्या बोटाची वाट बघायला लागले.

तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या माझ्या वडलांना, आप्पांना, हे कळलं तेव्हा त्यांनी आकांडतांडव केलं. आम्हा दोघींना त्यांनी बेळगावच्या एस. टी.त बसवलं. दातांच्या डॉक्टरनं माझ्या दाढेतला मिश्रीचा बोळा काढला, हुंगला आणि लांब धरला. मग त्यानं आईला नीट समजावलं. उपटून टाकणं सोपं, पण दुधाची दाढ खालच्या दाताची जागा धरून ठेवते, ती गेली की नवा दात वाकडा येतो. भोक एवढं खोल असताना नुसती चांदी भरली तर आतली शीर ठणकेल. म्हणून आधी वरची किडकी शीर काढायची, लवंगेच्या तेलात कालवलेली पांढरी भुकटी भरायची आणि आठ दिवसांनी त्यावर चांदी.

"ह्या आठ दिवसांत तिथं काही घालायचं नाही. दात वाचेल," तो म्हणाला.

"न्हाय घालत," आई म्हणाली. आणि तिनं खरंच घातलं नाही.

घातलं मी. चौथ्या दिवशी. दाढ जरासुद्धा दुखत नव्हती, डोकं मात्र चढलं होतं, मिश्रीशिवाय काही सुचत नव्हतं. आई पाणी भरायला गेलेली. विडीचं तोंड दुमडायची तिची लोखंडी पट्टी घेऊन मी ते पांढरं उकरलं आणि तिच्या डबीतली मिश्री ठासून भरली. थुंकीबरोबर लवंग आणि तंबाखू एकत्र घशात उतरली. इतकं घाण मी आयुष्यात चाखलेलं नाही, आणि मला बरं वाटलं.

आठव्या दिवशी गाल सुजलेला, हिरडीवर पुवाचा फोड. डॉक्टरनं तोंडात बघितलं आणि मग आईच्या काळ्या दातांकडे. "हे कुणी उकरलं?"

 त्याच्या चेहऱ्यावरची सगळी किळस आईच्या अंगावर जाताना मला दिसत होती, तरी मी गप्पच.

"माजीच चूक झाली, डाक्टर," आई म्हणाली.

दाढ उपटली. पू आला, रक्त आलं. पुढं नवा दात वाकडाच आला, तो अजून माझ्या जिभेला टोचतो.

स्टँडवर निपाणीची गाडी लागायची होती. आई बाकावर माझ्याशेजारी टेकली. "डबी चार दिवसांपास्नं हलकी लागत हुती गं," एवढंच ती बोलली. मग सवयीनं तिनं कमरेची डबी काढून उघडली.

तो वास नाकात शिरला. रक्ताळलेला कापसाचा बोळा दाबून धरलेलं माझं तोंड उघडलं, आणि मी हात पुढं केला.

आईनं हातावर फटका मारला नाही. माझ्या त्या पसरलेल्या हाताकडं बघत ती भर स्टँडवर रडायला लागली.