कानबाईच्या पंगतीतला पाहुणा

त्या वर्षी घरात कानबाई देवी बसवायचीच नाही, असं मी सासूबाईंना तोंडावर सांगितलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतला पांडेसऱ्यात आमची खानदेशी गल्ली आणि नाल्यापलीकडची मराठवाड्याच्या लोकांची गल्ली, दोन्हीकडच्या पोरांमध्ये वैर पेटलं होतं. आधी काठ्या निघाल्या, मग चाकू, आणि त्या पावसाळ्यात पलीकडच्यांकडे गावठी कट्टा आल्याची कुजबुज सुरू झाली. माझा सुनील या सगळ्यात पुढे. वडीलधाऱ्यांनी बैठका घेतल्या, आम्ही बायका संध्याकाळी नाल्याच्या पुलावर पहाऱ्याला बसायचो. तरी पोरं दुसऱ्या वाटेने जाऊन भिडायचीच. देवीला हे दिसत नसेल तर तिची पूजा कशाला, असं मला वाटायचं.

सासूबाईंनी माझं ऐकलं नाही. श्रावणातल्या त्या रविवारी कानबाई घरात आली आणि मी कुरकुरत रोट भाजायला बसले. आमच्याकडे हा रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याची जाड पोळी, फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला त्याचा तुकडाही देत नाहीत. हात जोडताना मी म्हणाले, "माझ्या पोराला त्या पोरांपासून राख, नाहीतर पुढच्या वर्षी तुझं तोंड बघणार नाही." तो नवस नव्हता, सरळ धमकीच होती.

दुपारी घर माणसांनी भरलं. चुलत दिरांचा मुलगा, गावाहून नुकताच कडोदऱ्याला कामाला लागलेला, मी कधी न पाहिलेला, यायचा होता. तेवढ्यात दारात एक पोरगा उभा राहिला. "सुनील आहे का?" एवढंच त्याने विचारलं. मला वाटलं, हाच तो! मी त्याचा हात धरला, ओढून पंगतीत बसवलं आणि पानात रोट वाढला. "जेव रे भाऊ, लाजू नको." तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला, आणि मग खायला लागला. चांगलाच भुकेला होता बिचारा.

इतक्यात मागच्या दाराने सुनील आला आणि जागीच थिजला. "माय, हाऊ नालापलीकडला दिनेश शे! याले आठे कोनी बसाडं?"

मीच बसवलं होतं. दिनेशचा डावा हात कमरेकडे गेला, सदरा वर सरकला आणि कट्टा सगळ्यांना दिसला. त्याच्या उजव्या हातात अजून रोटाचा घास होता. परक्याला रोट दिल्याचं पाप आणि पोराचं मरण, दोन्ही मीच घरात ओढून आणलं होतं.

सासूबाई मात्र शांतपणे दोघांच्या मध्ये येऊन बसल्या. "रोट खादा ना त्यानी? मंग आते तो आपला भाऊबंद व्हयना. भाऊबंदवर कोनी हात उचलस का?"

"आजी, मी जेवायला आलो नव्हतो," दिनेश म्हणाला.

"माले माहीत शे. पहिले जेव," असं म्हणून त्यांनी त्याच्या पानात खीर वाढली.

तो ढसाढसा रडायला लागला. कट्टा त्याने स्वतःच काढून पानाशेजारी ठेवला. सुनील येऊन त्याच्या शेजारच्या पाटावर बसला आणि म्हणाला, "माय, माले बी वाढ."

त्याच संध्याकाळी दोन्ही गल्ल्यांचे वडीलधारे मिळून तो कट्टा पोलीस चौकीत देऊन आले. मागोमाग पोरांनी आपापले चाकू आणून दिले. सोमवारी विसर्जनाची मिरवणूक पहिल्यांदाच पूल ओलांडून पलीकडे गेली. कानबाईचा पाट माझ्या डोक्यावर होता, डफ वाजत होता, सुनील आणि दिनेश सगळ्यांच्या पुढे नाचत होते. दारादारांतून बायका पाणी घालायला, ओवाळायला बाहेर आल्या. इतका आनंद मी सुरतेत कधी पाहिला नव्हता!

आजही कानबाईपुढे हात जोडते, तेव्हा काय दे आणि कसं दे हे तिला सांगत नाही. मी तिच्याकडे त्या पोरापासून राखण मागितली होती. तिने त्यालाच माझ्या हातून जेवू घातलं. एवढी अक्कल मला कुठून सुचली असती?

त्या सोमवारी दिनेशची आई पलीकडच्या गल्लीच्या टोकाला एकटीच उभी होती. मिरवणूक जवळ येताच ती पुढे आली. "बाई, आमच्यात कानबाई नसती. पण माझ्या लेकरानं तुमचा रोट खाल्लाय. मग मी तुमची कोण?"

मी डोक्यावरची कानबाई उतरवून तिच्या डोक्यावर ठेवली.