शालिकरामच्या पट्टीवरचा काप

"देवघराची भीत डाव्या हातानं होनार नाही, शालिक. सांगून ठेवतो."

"मंग कोन्या हातानं होईन, भाऊ? पायानं करू काय?"

"उजव्या हातानं कर."

"उजव्या हातानं मी जेवतो. भितीची त्याले वयख नाही."

महादेवराव दारात उभे राहून बोलत होते. पूर्णेकाठच्या काळ्या जमिनीचे धनी, बोलायला हळू पण शब्दाला हट्टी. अकोल्याहून अकोटकडे जाताना त्यांचं गाव लागायचं. दोन साल कापूस बरा पिकला, भावही पडला नाही, म्हणून मातीचं घर मोडून त्यांनी विटा-चुन्याचं बांधायला काढलं होतं. सगळ्या खोल्या झाल्या होत्या, देवघर राहिलं होतं. वास्तुशांत परवावर आली होती.

शालिकराम जातीचा माळी, हातानं गवंडी आणि त्यातून डेबरा, म्हणजे डावखुरा. अमरावतीत राजापेठेमागे त्याच्या बापाचा मळा होता. वांगी, मेथी, कडेनं झेंडू. लहानपणी मायनं त्याचा डावा हात फडक्यानं बांधून त्याला जेवायला बसवलं, तेव्हा उजव्या हातानं खायला शिकला. बाकी काही शिकला नाही. बापाचं खुरपं उजव्या हाताच्या वळणाचं, याच्या डाव्या हातात आलं की तण राहायचं आणि मेथी उपटायची. बाप म्हणाला, तू मळ्याच्या कामाचा नाहीस. हा म्हणाला, मळा माझ्या कामाचा नाही. आणि एका कापसाच्या जिनाच्या बंगल्यावर चुना कालवायला निघून गेला.

तिथं त्याच्या हाताला जागा सापडली. खोलीच्या ज्या कोपऱ्यात उजव्या हाताचा गवंडी भिंतीला खांदा घासत वाकडा होतो, तिथं शालिकराम सरळ उभा राहून हात मारायचा. चिखलदऱ्याच्या थंडीत साहेबांच्या बंगल्यांचे कोपरे त्यानं असेच काढले. म्हणून तर भगवंत मिस्तरीनं त्याला आपल्या टोळीत घेतलं, आणि घेतल्या दिवसापासून त्याला डेबऱ्या म्हणून हाक मारली. शालिकराम त्या हाकेला ओ द्यायचा नाही. भगवंत मग नावानं बोलवायचा, पण एकदा डेबऱ्या म्हणून झाल्यावरच.

शालिकरामकडे तीन पट्ट्या होत्या. झिजलेल्या करवतीचं पातं लोहाराकडून कापून घेतलेलं, त्याला बाभळीच्या मुठी. एक चार बोटं रुंद, एक वीतभर, एक दीड वितीची. भिंतीवर शेवटी जो गाळलेल्या चुन्याचा पातळ हात फिरतो, ज्याला निरू म्हणतात, तो या पट्ट्यांनीच ओढायचा. कोणी विचारलं तर तो सांगायचा, पण सांगताना काम थांबवायचा नाही.

"नव्या पट्टीचे कोन आंधी गोट्यावर घास. जराकशे. टोकदार कोन भितीले ओरबाडते. मंग पट्टी डोयासमोर आडवी धर अन् उजेडाकडे पाह्य. कोनतीच पट्टी सपाट नसते. एका अंगाले तिले पोट असते. ते पोट भितीकडे ठेव, म्हंजे कोन उचललेले रायते अन् रेघ पडत नाही. अन् सांजच्याले धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरव. जंग चढला का ते पोट बी गेलं अन् पट्टी बी गेली."

पोट कोणत्या अंगाला आहे हे हात चुन्यानं बरबटल्यावर दिसत नाही. म्हणून त्यानं मुठीच्या कडेला काप मारले होते. लहान पट्टीला एक, मधलीला दोन, मोठीला तीन. डाव्या हाताचा अंगठा कापावर बसला की पोट भिंतीकडे. डोळे मिटून उचलली तरी चुकत नव्हती.

भगवंताला हे मान्य नव्हतं. टोळीचं अवजार टोळीचं, असं त्याचं म्हणणं.

"दुसऱ्या कडेनंई काप मार लेका. आमच्याईन बी धरता आली पायजे."

"दोन्हीकून मारला तं तो काप कायचा? नुसती नक्षी झाली. तुमची पट्टी तुमी करा, मिस्तरी."

"लय शहाना झाला."

"तुमच्याच हाताखाली झालो."

तर देवघराचं असं होतं. महादेवरावांच्या आत्याबाई, पार्बताबाई, विधवा होऊन माहेरी आलेल्या आणि घरच चालवायच्या. देवाच्या भिंतीला डावा हात लागायचा नाही, हे त्यांनी भाच्याच्या कानात घातलं होतं. महादेवरावांनी ते भगवंताच्या कानात घातलं, आणि भगवंतानं सरळ सांगून टाकलं, "उजव्यानं करत नसशीन तं उद्यापासून माया टोयीत येऊ नको."

म्हणजे या घराचं काम गेलं आणि टोळीही गेली. आणि डेबऱ्या गवंड्याला दुसरा कोणता मिस्तरी दारात उभा करतो? शालिकरामला हे ठाऊक होतं. बायको कौशल्या काय म्हणेल तेही ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "मायनं हात बांधला तवा मी लहान होतो. आता बांधून दाखवा."

भगवंतानं मग स्वतःच भिंत धरली. त्याची स्वतःची पट्टी होती कोनाला तुटलेली, म्हणून शालिकरामची मोठी उचलली.

"थ्या कापावर अंगठा ठेवसान तं उलटी बसन," शालिकराम ओट्यावरून म्हणाला. "डाव्या हाताचा काप हाय तो."

"पट्टीले कायचं डावं-उजवं? ती का जेवाले बसते?"

टोळीतले दोघेतिघे हसले. भगवंताचा अंगठा आपसूक कापावर गेला, कारण मुठीला तिथंच खोलगट होतं आणि बोट तिथंच ठरत होतं. पोट वर आलं, कोन भिंतीवर टेकले. भगवंत घाईत होता. एक भिंत झाली, समोरची झाली, मग खिडकीतून तिरपं ऊन आत आलं. भिंतीभर जोडीजोडीनं रेघा उठल्या होत्या, ओल्या रस्त्यावर खासरगाड्यांच्या चाकोऱ्या उठाव्यात तशा.

महादेवराव आत आले, पाहिलं, तसेच बाहेर गेले. निरू ओली होती. वाळली असती तर सगळी खरवडून पुन्हा सुरुवात, आणि परवा तर वास्तुशांत.

थोड्या वेळानं ते शालिकरामजवळ येऊन हळूच म्हणाले, "असं कर. दार लोटून घे. आत तू एकटा. कोन्या हातानं केलं, मी पाहाले येत नाही. आत्याबाईले सांगतो, उजव्यानं केलं."

टोळी टाचा उंचावून ऐकत होती. सगळ्यांना वाटलं, शालिकराम उठेल. पोटाचं होतं, टोळीचं होतं, इभ्रतही वाचत होती.

"दार लोटून म्या आजलोग भीत केली नाही," शालिकराम म्हणाला. "चोरी का करून राहिलो मी? दार उघडं रायन. ज्याले पाहाचं त्यानं पाहावं. नाही तं ह्या रेघा देवाले आवडते का ते इचारून पाहा."

"अरे, लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, महादेवरावाच्या देवघराची भीत शालिकरामनं डाव्या हातानं केली. खोटं कोठी हाय त्यात?"

पार्बताबाई तोवर मागच्या दारानं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "देवाच्या कामात डावा हात घालते अन् वरून तोंड बी चालवते," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, तुमी चुलीमागची भीत शेनानं सारवता. एकाच हातानं सारवता काय?"

"ते सारवन होय."

"अन् हे काय होय? चुन्याचं सारवनच. देवघर मातीचं होतं तवा ते बी तुमीच सारवत होत्या. दोन्ही हातानं. म्या नाही पायलं, पन तुमी सांगा खोटं असन तं."

पार्बताबाईंनी पदर सावरला. मग देवघराच्या उंबऱ्यापाशी आल्या, गुडघे धरत खाली बसल्या.

"मी इथं बसतो," त्या म्हणाल्या. "तुया हातून एक रेघ राह्यली तं तुले बी सोडनार नाही अन् ह्या महाद्यालेई."

"बसा. उजेडाच्या आड नका बसू तेवढं."

त्या कुरकुरत बाजूला सरकल्या. महादेवराव ओट्यावर जाऊन बसले. भगवंतानं पट्टी घमेल्याच्या काठावर ठेवली आणि तो बिडी पेटवायला अंगणात गेला. शालिकरामनं ती उचलली, पाण्यात बुडवून धुतली, धोतराच्या सोग्याला पुसली. रेघांवर ओल्या फडक्यानं पाणी मारलं. मग खिडकीकडच्या कोपऱ्यात उभा राहून, डाव्या हातानं निरू ओढायला लागला.

"पातय झाली," तो मागं न पाहता म्हणाला. "थोडी घट्ट कालवून आना."